टॅप डान्स सोडून अमेरिकेत एकट्याने पायांवर ताल धरून नाचायचे पारंपरिक प्रकार आहेत का? भागाभागात फरक असतो का?

हो आहेत, आणि फरक चांगलाच कळतो. मी नॉर्थ कॅरोलायनात चार वर्षं होते तेव्हा वीकेंडला गाडी काढून हेच बघत फिरायचे.

व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरात फ्लॅटफूटिंग चालतं. तिथे फ्लॉइड नावाचं छोटंसं गाव आहे, तिथल्या फ्लॉइड कंट्री स्टोअरमध्ये शुक्रवारी रात्री फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजोवर लोक नाचतात. एक आजोबा अगदी माझ्यासमोर नाचत होते, कमरेच्या वर काही हलत नव्हतं, हात नुसते सैल सोडलेले, बूट जमिनीपासून जेमतेम बोटभर उचलायचे, टाच टेकवायची, चवडा घासत पुढे न्यायचा, परत मागे. चामड्याचा तळ लाकडी फळीवर घासला की जो सर्र-टक आवाज यायचा तो फिडलच्या चालीत इतका चपखल बसायचा की मी बघायचं सोडून नुसती ऐकत बसले.

नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेला गेलात की गुडघे वर यायला लागतात, ते क्लॉगिंग. हे टीमने नाचतात, पण जुन्या टीममध्ये प्रत्येकजण आपापल्या स्टेप्स टाकायचा. सॅम क्वीन यांची सोको गॅपची टीम १९३९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये इंग्लंडच्या राजा-राणीसमोर नाचली होती.

आणि बक डान्सिंग, ते कृष्णवर्णीयांच्या हाउस पार्ट्यांमध्ये वाढलं. डरहॅमचे जॉन डी होलमन ब्लूज गिटारही वाजवायचे आणि बकही नाचायचे, १९८८ मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप, म्हणजे लोककलावंतांना मिळणारा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान, मिळाली. बरेच जण हा सगळा नाच आयर्लंड-स्कॉटलंडहून आला एवढंच सांगून मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही. साउथ कॅरोलायनात गुलामांच्या १७३९ च्या बंडानंतर १७४० च्या कायद्याने त्यांना ढोल वाजवायला बंदी केली, पण टाळ्या, मांड्या, पाय यांच्यावरचा ताल कोण बंद करणार, तो या नाचात मुरलेलाच आहे.

नावांवर मात्र फार जाऊ नका, एका गावात ज्याला फ्लॅटफूट म्हणतात त्यालाच शेजारच्या गावात बक म्हणतील. जमलं तर ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला जा, तिथे १९३५ पासून फिडलवाल्यांचा मेळा भरतो आणि फ्लॅटफूटची स्पर्धाही असते. बसायला स्टेजच्या जवळची जागा धरा, बुटांचा आवाज लांबून नीट येत नाही.