भोगीची भाजी: पावटे कडक, वांगी विरघळलेली

प्रश्न: गेल्या वर्षी भोगीला आठ माणसांसाठी लेकुरवाळी भाजी केली. ओले पावटे मिळाले नाहीत, म्हणून सुके पावटे दोन तास भिजवले आणि सगळ्या भाज्या, मसाला व चिंचेचा कोळ यांच्यासह कुकरला लावले. चार शिट्ट्यांनंतर वांग्यांचा लगदा झाला, पावटे मात्र दाताखाली कडकच लागत होते. कुठे चुकले?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: चूक मुख्यतः चिंच घालण्याच्या वेळेत आहे. आंबट पदार्थ आधी पडला की कडधान्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि दाणा कितीही शिजवला तरी आतून घट्ट राहतो. बोअरच्या जड पाण्यानेही असेच होते, त्यामुळे तुमच्याकडचे पाणी जड असेल तर दाणे पिण्याच्या गोड्या पाण्यात शिजवावेत. शिवाय सुक्या पावट्यांना दोन तास पुरत नाहीत. ते रात्रभर भिजत घालावेत, सकाळी वेगळे शिजवावेत आणि त्यांचे पाणी भाजीसाठी राखून ठेवावे. दाणा चिमटीत धरून दाबला असता सहज चेपला, पण त्याचे साल सुटून आले नाही, म्हणजे तो भाजीत घालण्याजोगा झाला.

कुकर मात्र या भाजीसाठी खरोखर नको. शेवगा, गाजर, वांगे आणि बोर यांना शिजायला लागणारा वेळ इतका वेगवेगळा आहे की एकाच वाफेत त्यांना न्याय मिळत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात तेलाची फोडणी करून आधी ओला हरभरा, मटार आणि ओले शेंगदाणे परतावेत, मग गाजर आणि शेवग्याच्या शेंगा घालाव्यात. पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतावे; खालून वाफ कोंडते, ताटातले पाणी तापते आणि रस्सा आटला की तेच गरम पाणी भाजीत घालता येते. मधेच गार पाणी ओतले की उकळी मोडते, आणि चवही पातळ होते असा माझा अनुभव आहे. गाजर अर्धे शिजल्यावर घेवडा आणि शिजवलेले पावटे घालावेत. वांग्यांच्या मोठ्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढून त्यानंतर घालाव्यात आणि तिथून पुढे डाव न फिरवता पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवावे.

आठ माणसांना सगळे दाणे मिळून तीन वाट्या आणि चिरलेल्या भाज्या किलोभर पुरतात. चार मोठे चमचे तीळ मंद आचेवर, तडतडू लागेपर्यंतच भाजावेत, कारण ते लालसर होऊ दिले तर सारी भाजी कडवट होते. तीळ आणि भाजलेले सुके खोबरे जाडसर कुटून काळ्या मसाल्यासह घालावे. तुमच्याकडे शेंगदाण्याचे कूट लागतेच, तेही याच वेळी. चिंच, गूळ, बोरे आणि उसाचे करवे अगदी शेवटी घालून पाच मिनिटे उकळी द्यावी.

गॅस बंद केल्यावर भाजी अर्धा तास झाकून ठेवावी, कारण तिळाचे कूट तेवढ्या वेळात रस्सा शोषून त्याला दाटपणा आणते. तोवर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापून होतात.