नूतनचा अभिनय थंड वाटतो, तरी तिला एवढं थोर का मानतात?

तुम्ही लिहिलंय, आईच्या आग्रहावरून 'बंदिनी' अर्धा पाहिला, बाई थंड वाटली, रडत नाही, ओरडत नाही, मग पाच-पाच फिल्मफेअर कशाबद्दल? आणि तरीही पाहायचीच तर सुरुवात कुठून करावी? बाकी सगळं मी सोडून दिलं असतं. पण हा 'थंड' शब्द पन्नास वर्षांपूर्वी गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावी, देवळामागच्या रंगपटात, चारचौघांसमोर मला ऐकवला गेलाय. म्हणून लिहायला बसलो.

१९७४ची गोष्ट. आमच्याकडे जत्रेला पालखी झाली की नाटक, आणि नाटक मराठीच. घरात कोंकणी, मांडवात मराठी, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. त्या वर्षी वर्गणी कमी जमली, बाहेरून नटी आणायला पैसे नव्हते. मी अठराचा, मिशी धड फुटलेली नव्हती, आवाज पातळ. झालो स्त्रीपार्टी. दिग्दर्शक नात्यानं माझे काका. त्यांचा एकच मंत्र: शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला पाहिजे.

त्याच्या काही महिने आधी मी कारेरीनं, म्हणजे आमच्याकडच्या बसनं, पणजीला जाऊन सिने नॅशनल थिएटरात 'बंदिनी' पाहिला होता. जुना सिनेमा पुन्हा लागला होता, मॅटिनीला. त्यात कल्याणी, म्हणजे नूतन, एका चिडखोर बाईची शुश्रूषा करत असते. ही बाई म्हणजे आपल्याला सोडून गेलेल्या माणसाची बायको, हे तिला कळतं. बाप गेल्याचंही त्याच सुमारास कळतं. बाहेर कुठेतरी लोखंडावर घण पडतोय, वेल्डिंगचा उजेड तिच्या तोंडावर उघडतो नि मिटतो. स्टोव्ह फरफरतोय. ती एक अक्षर बोलत नाही. बघता बघता त्या चेहऱ्यावरचा माणूस बदलतो, आणि चहात विष पडतं. अर्धाच पाहिलात म्हणजे हे तुम्ही पाहिलंच नाही. पाटपाण्यावरून उठलात आणि म्हणताय जेवण अळणी!

तर नाटक. तिसऱ्या अंकात तार येते, नवरा गेला. मी सुपात तांदूळ पाखडत बसलेलो. तालमीत ठरलं होतं की सूप फेकायचं, 'हाय रे दैवा!' म्हणून खांबावर डोकं आपटायचं आणि पेटीवाल्यानं करुण सूर धरायचा. माझ्या डोक्यात नूतन. तार वाचली गेली तरी मी पाखडतच राहिलो. एकदा, दोनदा, तीनदा. मग हात आपोआप थांबला. सुपाच्या कडेवरून चार दाणे सुटले, फळीवर टपटप पडले. मला अजून आठवतं, ते मला ऐकू आले होते. एवढी शांतता जत्रेत कधी असते का?

चार क्षण. मग विंगेतल्या प्रॉम्प्टरला वाटलं, पोरगा वाक्य विसरला. तो आधी हळू, मग मोठ्यानं, मग अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडायला लागला, "हाय रे दैवा! हाय रे दैवा!" मागून कोणीतरी म्हणालं, "विसरलो मरे तो!" आणि सगळा मांडव हसला. नवरा मेला आणि लोक हसले.

रंगपटात काका म्हणाले, "थंड! निवलेली पेज!" पुढच्या वर्षी वर्गणी नीट जमली, सावंतवाडीकडून नटी आली, मला पडदा ओढायला ठेवलं. नूतनला १९७४ सालीच पद्मश्री मिळाली होती. त्याच वर्षी मला निवलेली पेज.

या वादावर काका आणि मी सतरा वर्षं बोललो नाही, म्हणजे बाकी सगळं बोललो, हे सोडून. १९९१च्या फेब्रुवारीत नूतन गेली, जेमतेम चोपन्न वर्षांची. मी 'बंदिनी'ची कॅसेट भाड्यानं आणली आणि मुद्दाम काकांच्याच घरी लावली. काका सुपारी कातरत बसले होते. घणाचा आवाज सुरू झाला आणि अडकित्ता थांबला. प्रसंग संपेपर्यंत थांबलेलाच. मग म्हणाले, "तिच्या तोंडाशी कॅमेरा आहे रे. तुझ्या तोंडाशी काय होतं? गॅसबत्ती."

यावर मला आजही धड उत्तर सुचलेलं नाही. जत्रेच्या मांडवात शेवटच्या रांगेला माझा चेहरा म्हणजे पावडर लावलेला नारळ, हे मान्य. पण मग अडकित्ता का थांबला? थंड पेजेसाठी कोणी सुपारी अर्धी ठेवत नाही. नूतन ऐकते. समोरचा बोलत असताना तिचं काम चाललेलं असतं, आणि आपल्याला सवय बोलणाऱ्याकडे बघायची.

खात्री करायची तर 'सुजाता'तलं फोनवरचं गाणं बघा. सुनील दत्त पलीकडून गातोय, आवाज तलत महमूदचा, आणि इकडे ती नुसता रिसीव्हर कानाला लावून उभी. गाणं त्याचं आणि बघायची ही.

नंतर 'सौदागर', १९७३चा. अमिताभ खजुराच्या रसाचा गूळ विकणारा, ही तो गूळ करणारी. गुळाच्या कमाईसाठी तो हिच्याशी लग्न करतो आणि दुसरीच्या मेहरचे पैसे जमले की हिला तलाक देतो. आमच्याकडे रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावरून सूर (रस) काढतो नि त्याचं गोड, म्हणजे गूळ, करतात, माझी आजी त्या कढईपाशी तासन् तास बसायची. त्यामुळे नूतन काहिलीत रस ढवळते तेव्हा ती अभिनय करतेय असं मला वाटतच नाही. शेवटी तो रसाची मडकी घेऊन तिच्याच दारात येतो. त्या वेळी तिच्याकडे बघा, त्याच्याकडे नको.

ती ओरडत नाही हेही खरं नाही. 'सीमा'त चांगली आदळआपट करते, आणि पहिलं फिल्मफेअर तिला त्यावरच मिळालं. 'पेइंग गेस्ट' आणि 'तेरे घर के सामने' बघितलेत तर थंड हा शब्द तोंडातून निघणार नाही. देव आनंदला ती ज्या खट्याळपणे खेळवते ते बघून माझी बायको आजही गालात हसते. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पाच फिल्मफेअरचा विक्रम बरीच वर्षं तिच्या एकटीचा होता, मग भाचीनं, काजोलनं, गाठला.

सगळंच सोनं नाही, हेही सांगून टाकतो. 'मिलन' मला लांबलेला वाटतो, 'मैं तुलसी तेरे आँगन की'मध्ये अश्रू जरा जास्तच आहेत (काकांना आवडला होता!). आणि ऐंशीच्या दशकात तिच्या वाट्याला बऱ्याच आया आल्या. दिलीपकुमारबरोबर पडद्यावर जोडी जमली तीसुद्धा थेट १९८६च्या 'कर्मा'त, दोघांचे केस पिकल्यावर.

सुरुवात कुठून? राहिलेल्या अर्ध्या 'बंदिनी'पासून. मोबाइलवर नको, टीव्हीवर, आणि घणाचा आवाज येईल तेव्हा पंखा बंद करा. आईला शेजारी बसवा, पण तिच्याकडे बघू नका.