पुदिन्याचं तेल पोटात नको, वास घेतलास तर चालेल

गरोदरपणाचा नववा आठवडा चालू आहे, दिवसभर मळमळतं, आणि जाऊबाईंनी पुदिन्याच्या तेलाचे दोन थेंब कोमट पाण्यातून घ्यायला सांगितलेत, घेऊ का असं विचारलंयस. नको घेऊस गं. पोटात तर अजिबातच नको. आणि शेवटी तू सहज लिहून गेलीयस ना, की कालपासून पाणीसुद्धा टिकत नाहीये नि लघवी गडद पिवळी होतेय, त्यासाठी आजच डॉक्टरांना फोन कर, तेलाचं नंतर बघू. अशा वेळी कधीकधी सलाईन लावावं लागतं, आणि बी-६ जीवनसत्त्व नि डॉक्सिलामाइन नावाचं औषध असलेली गोळी देतात, ती यासाठीच वर्षानुवर्षं देतायत, तिला घाबरू नकोस. मी पहिल्या वेळी गोळ्या नकोत म्हणून दोन आठवडे तसेच काढले, सलवारीची नाडी रोज आणखी आवळावी लागायला लागली तेव्हा कुठे दवाखान्यात गेले.

आता तेल. चहात पुदिन्याची चार पानं टाकणं वेगळं आणि बाटलीतलं तेल वेगळं, ढीगभर पानांचा अर्क असतो तो. घरात अमृतधारा असेल तर तीही नको, सासूबाई उलटीवर बत्ताशावर टाकून देतात तशी, कारण त्यात पुदिना फूल, ओवा फूल आणि कापूर असतो, आणि कापूर पोटात गेला तर वारेतून बाळापर्यंत पोचतो.

वासाने थोडं बरं वाटतं हे मात्र खरंय. इराणमध्ये १०० गरोदर बायकांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली आला होता, त्यात लिंबाच्या तेलाचा वास घेणाऱ्यांची मळमळ जरा कमी झाली. पुदिन्याचं तेल रात्री पाण्याच्या भांड्यात टाकून उशाशी ठेवायचं, हेही तिकडेच करून बघितलं होतं, त्यात फारसा फरक पडला नाही. मला स्वतःला लिंबाचाच उपयोग झाला. सुती रुमालावर एकच थेंब, रुमाल झाकणाच्या डबीत, आणि शेजारून लसणाच्या फोडणीचा वास आला की डबी उघडून दोन-तीन श्वास घ्यायचे नि लगेच बंद. अंगाला, मनगटाला लावू नकोस, लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते. आणि तेल नसलं तरी अडत नाही, ताज्या लिंबाच्या सालीला नख लाव, बारीक तुषार उडतात ना, ते तेलच आहे.

डिफ्युझर, म्हणजे तेलाचा वास खोलीभर पसरवणारं यंत्र, रात्रभर लावून झोपू नको. मी दुसऱ्या वेळी लॅव्हेंडर लावलं, तीन दिवसांत त्याच वासाने उमासे यायला लागले, पडदे धुवावे लागले. बाटलीवर नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलेलं असेल तर ते अगरबत्तीच्या अत्तरासारखं बनवलेलं, त्याच्या नादी लागू नको.

डॉक्टरांशी बोलून झालं आणि पाणी टिकायला लागलं की उशाशी साळीच्या लाह्यांची वाटी ठेव, उठून बसायच्या आधी पडल्यापडल्याच चार-पाच तोंडात टाक, मग दहा मिनिटं तशीच पडून राहा. ब्रश नंतर कर, पेस्टच्या फेसानेच मला पहिली उलटी व्हायची.