वर छापलंय ‘अत्यंत सोपे’

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्ष गिटार शिकतेय. सरांनी तिला सध्या सोर नावाच्या कुणाची तरी एक धून दिलीय, ओपस ३५, क्रमांक २२. पुस्तकावर ‘अत्यंत सोपे’ असं छापलंय आणि पोरगी रोज रडते. हा सोर कोण? आणि गिटारचे क्लास घेऊन कधी कुणाचं घर चाललंय का? तिला पुढे हेच करायचंय म्हणे.
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी पोरीला सांगा, या धुनेपायी मीही रडलोय. ओपस म्हणजे छापलेल्या रचनेचा क्रमांक. बी मायनर या स्वरमालेतली आहे ती. सुरुवातीलाच दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीपाशी, पहिलं बोट आडवं दाबायचं. त्याखाली एखादी तार नीट दबली नाही की ती मुकीच. मला ते जमायला आख्खा उन्हाळा लागला.

फेर्नांदो सोर हा स्पेनमधल्या बार्सिलोनाचा गिटारवादक आणि संगीतकार, जन्म १७७८चा. मॉन्सेरातच्या मठात गाणं शिकला. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या तेव्हा यानं आधी त्यांच्याविरुद्ध गाणी रचली, मग त्यांच्याच राजवटीत नोकरी धरली. १८१३मध्ये फ्रेंचांनी गाशा गुंडाळला, तसं यालाही पॅरिस गाठावं लागलं. परत मायदेश दिसला नाही तो नाहीच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. चालतं घर, पण नुसत्या क्लासवर नाही. १८१५मध्ये सोर लंडनला गेला. तिथे गिटारबरोबर गाणंही शिकवायचा, इटालियन गाणी छापून विकायचा. १८१७मध्ये फिलहार्मोनिक सोसायटीच्या मैफलीत वाजवलं, ते मानाचं काम. पण मानावर चूल पेटत नाही. मग बॅलेंसाठी, म्हणजे नृत्यनाट्यांसाठी, संगीत लिहिलं. सिंड्रेलाच्या गोष्टीवरचा त्याचा बॅले इतका गाजला, की १८२५मध्ये मॉस्कोचं बोल्शोय थिएटर उघडलं ते त्याच्याच प्रयोगानं. नर्तकी फेलिसिते ह्युलँबरोबर तो मॉस्कोत तीनेक वर्षं राहिला, मग पुन्हा पॅरिस, पुन्हा शिकवण्या. १८३०मध्ये गिटार शिकण्याचं पुस्तक काढलं, १८३९मध्ये तिथेच गेला.

माझे आजोबा तेलंगणातून इथे पूर्व भागात मागावर आले. एका मागावर भागेना, म्हणून आजी विड्या वळायची. मीही संध्याकाळी क्लास घेतले, गणपतीत आणि गड्ड्याच्या यात्रेत ऑर्केस्ट्रात वाजवलं, लग्नसराई कधी सोडली नाही. मुलीला हे आत्ताच सांगून ठेवा. नंतर कळलं की जास्त लागतं.

राहिलं ते ‘अत्यंत सोपे’. शिकाऊ लोक सोपं मागतात, प्रकाशक सोपंच छापतो, त्यामुळे एवढ्या मोठ्या माणसालाही शिकाऊंसाठी ढीगभर लिहावं लागलं. पण त्याला खोटं सोपं लिहिता येत नव्हतं. बोटं कमी लागतात, कान मात्र पुरा लागतो. ओपस ४५मधले सहा छोटे तुकडे तर त्यानं ‘ज्याच्याकडे सर्वांत कमी धीर असेल त्याला’ अर्पण केलेत! रोज शिकवण्या करणाऱ्यालाच असलं सुचणार.

प्रश्न : गिटारसाठी मुलानं उजव्या हाताची नखं वाढवलीत. शाळेत दर सोमवारी नखं तपासतात. काय करू?
– एक आई, साखर पेठ

उत्तर : कापा. वरच्या उत्तरातला सोर नखांशिवायच वाजवायचा. नखाचा आवाज त्याला आवडत नसे. त्याचा दोस्त आग्वादो मात्र नखांनी वाजवणारा. पॅरिसमध्ये दोघं एकाच इमारतीत राहायचे. नखांवरून एकमत झालं नाही, तरी सोरनं दोन गिटारींसाठी एक रचना लिहिली, दोघांनी मिळून वाजवायला. नाव ठेवलं ‘दोन मित्र’.