स्वस्त पंप बनवायचाय? आधी पाणी किती खोल ते बघ

मित्रा, मोटर कुठली घेऊ ते नंतर बघ, आधी पाणी किती खोल आहे आणि उन्हाळ्यात अजून किती खाली जातं ते मोज, कारण वर बसवलेला पंप ७ मीटरच्या पलीकडून पाणी नीट ओढतच नाही, हवेच्या दाबाची मर्यादा आहे ती, पुस्तकात १० मीटर लिहिलेलं असतं ते विसर. पायाने चालवायचा पंप करणार असशील तर माणूस सलग ७५ वॅटच्या आसपास ताकद लावतो, त्यातली अर्धी वाया गेली धर, ५ मीटरवरून सेकंदाला पाऊण लिटर येईल, भाजीपाल्याला बास झालं, मोठ्या शेताचं नाव काढू नको. पाइप बारीक घेऊन पैसे वाचवायला जाऊ नकोस, सगळा जोर घर्षणातच जातो.

आणि वायसर! सगळ्यात आधी तेच झिजतं. म्हणून डिझाइनच असं कर की शेतकऱ्याला एका पान्याने ते स्वतः बदलता येईल, आणि मापसुद्धा कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळणारं ठेव, उगाच स्वतःचं खास काहीतरी काढू नको (नवीन पोरांना भारी हौस असते याची). फूट व्हॉल्व्हला (पाण्यात बुडालेल्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) जाळी लाव, नाहीतर कचरा अडकून पाणी खाली उतरतं आणि दरवेळी प्रायमिंग (पंपात पाणी ओतून हवा काढणं) करत बसा. सोलर करायचं असेल तर बॅटरीत पैसे घालू नकोस, उन्हात पंप चालवून टाकीत पाणी साठव.