आईच्या जुन्या वस्तूंवर नाताळची साधी सजावट भागेल का?

तुम्ही विचारलंय की आई गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ, घोडबंदरला वन बीएचके, घरात दोन लहान मुलं. आईच्या पेटीतून गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, जुन्या मूर्ती, तिचं लुगडं आणि ताऱ्याचा कामट्यांचा सांगाडा निघालाय. एवढ्यावर भागेल, की झाड आणि लायटिंग घ्यावंच लागेल?

भागेल, अगदी छान भागेल. मी ठाण्यातल्या चरईत वाढलेय, आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी गोठा, मग बाकीचं. यंदा तरी झाड घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. जांभळी नाक्यावरून सहा फुटी प्लास्टिकचं झाड आणलंत की येणाऱ्याची नजर तिकडेच जाणार आणि आईच्या वीतभर मूर्ती कोपऱ्यात पडणार. त्या घरभर पसरूनही ठेवू नका. टीव्हीखालचं कपाट किंवा खिडकीचा कट्टा, अशी एकच जागा ठरवा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री देखावा उभा केला, तेव्हा तिथे गवत घातलेली गव्हाणी, बैल आणि गाढव एवढंच होतं. आपल्या गोठ्याची परंपरा तिथपासूनच सांगतात. त्यामुळे थोडंच मांडलं म्हणून उणं वाटून घेऊ नका.

गवत घरीच उगवा. नाचणी रात्रभर भिजत घालायची, सकाळी पसरट ताटलीत ओल्या मातीवर दाट पेरायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं. १२-१३ डिसेंबरला पेरलंत तर २४ तारखेपर्यंत बारीक, मऊ, हिरवंगार होतं. ताटली उजेडात ठेवा, अंधारात ते पिवळं पडतं. गहू लवकर वाढतो, पण उंच होऊन कलंडतो आणि मेंढरं त्यात दिसेनाशी होतात. मुलांना हे काम द्या, ती रोज उठून आधी ताटलीच बघतील.

मूर्ती प्लास्टरच्या असतील तर पाण्याने धुऊ नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. तुकडा निघाला असेल तर फेविकॉलने बसतो. पण रंग उडालाय म्हणून नव्याने रंगवू नका, ही माझी कळकळीची विनंती. आमच्या गोठ्यातल्या एका मेंढराला मागचा पाय नाही. माझी आजी त्याच्या पोटाखाली नाचणीच्या गवताचा झुबका सारून त्याला उभं करायची, तसंच मीही करते. त्याच्या पाठीवरचा रंग बोटं लागून लागून गेलाय, खालचं पांढरं प्लास्टर दिसतं. तिथे हात लागला की आजी आठवते. नवा रंग दिला असता तर ते राहिलं नसतं. सण झाल्यावर मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. जुन्या सुती कपड्यात ठेवा.

लुगडं कापू नका. चौघडी घालून, काठ पुढे येईल असं गोठ्याखाली अंथरा. ताटलीखाली प्लास्टिक घाला आणि मेणबत्ती त्याच्या जवळपासही नको. ताऱ्याला पतंगाचा कागद लावा, दिवाळीचा कंदील करतो तसाच. आत छोटा एलईडी बल्ब सोडा, जुन्या पिवळ्या बल्बने कागद तापतो. गॅलरीत एवढा एक तारा असला की लायटिंगच्या माळा नसल्या तरी चालतात.

आता मुख्य गोष्ट. २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवायची. बाळ येशूच्या भेटीला येणारे तीन राजे लांब, फ्रिजवर किंवा पुस्तकांच्या फळीवर ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यापाशी आणा. बाळ येशूला गव्हाणीत ठेवायचं काम काही घरांत मोठी बाई करते, तुमच्याकडे कदाचित आईच करत असेल. यंदा ते कोणी करायचं हे आधीच ठरवा. नाहीतर मिस्सेवरून, म्हणजे चर्चमधल्या रात्रीच्या प्रार्थनेवरून, आल्यावर सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात, ते फार जड जातं. माझ्या मते धाकट्याच्या हाती द्या. मात्र त्याला दुपारी झोपवा, म्हणजे तेवढ्या रात्रीपर्यंत तो जागा राहील.