डबा तसाच परत येतो

प्रश्न : मला आयबीएस, म्हणजे वारंवार पोट दुखण्याचा, फुगण्याचा आणि शौचाला बिघडण्याचा आतड्यांचा त्रास आहे. बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये कळ येईल म्हणून सकाळी फक्त चहा घेते. आधी कांदा-लसूण सोडला, मग पोळी, डाळ, दूध. आता डबाही तसाच परत येतो. तरी पोट फुगतंच.

उत्तर : ताई, भीती खरी आहे, लोकलमध्ये शौचालय नसतं. पण सतत कमी खाल्लं की आतडी मंदावतात, पोट आणखी फुगतं, आणि आपण अजून एक पदार्थ सोडतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या फॉडमॅप आहारातही (कांदा, लसूण, गहू असे पोटात गॅस करणारे पदार्थ काही काळ टाळायचा आहार) कडक पथ्य २ ते ६ आठवड्यांचंच. मग एकेक पदार्थ परत आणायचा असतो. तो टप्पा तुम्हाला कुणी सांगितलाच नाही, याचं मला वाईट वाटतं. रविवारी, घरीच असताना, अर्धी पोळी खाऊन पाहा. आहारतज्ज्ञांना पोटाइतकीच जेवणाची भीतीही सांगा. वजन उतरत असेल, पाळी चुकत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.